सरकारी की खाजगी? मुलाची शाळा निवडण्याआधी

महाराष्ट्रात मुलाच्या शाळेचा निर्णय मूल अडीच-तीन वर्षांचं असतानाच होऊन जातो. खाजगी इंग्रजी शाळांचे नर्सरीचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि नावाजलेल्या शाळांच्या जागा नवं वर्ष उजाडेपर्यंत भरत आलेल्या असतात. जिल्हा परिषदेची शाळा पहिलीपासून सुरू होते आणि पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. गावोगावी अंगणवाड्या आहेत, मुंबईसारख्या महापालिकांच्या बालवाड्याही आहेत. पण शहरातल्या मध्यमवर्गीय घराच्या हिशेबात त्या सहसा येत नाहीत. म्हणजे सरकारी शाळेचं दार उघडायच्या तीन वर्षं आधीच खाजगी शाळेचं दार बंद व्हायला लागलेलं असतं. 'आत्ता सीट सोडली तर पुढे मिळणार नाही' या धास्तीने आईबाप नर्सरीला पैसे भरतात. पहिलीची वेळ येते तेव्हा मुलाचे मित्र, रिक्षावाले काका, गणवेश, भरलेली फी हे सगळं एकाच बाजूला उभं असतं. सरकारी शाळा आत जाऊन पाहिली आणि मग नाकारली, असं सांगणारे पालक फार थोडे भेटतात. बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवावं हे बरं. प्राथमिक वर्गांसाठी शाळा निवडताना ती कोणाच्या मालकीची आहे हे शेवटी पाहावं. आधी दोन गोष्टी पाहाव्यात: तुमच्या मुलाच्या वर्गाला स्वतःचा शिक्षक आहे का, आणि दुसरी संपवलेली तिथली मुलं समजून वाचतात का. या म्हणण्यामागे काय आहे, ते सविस्तर सांगते.

'सरकारी की खाजगी' अशी दोनच खाती केली तर महाराष्ट्राचं चित्र दिसत नाही. राज्यात सुमारे १ लाख ८ हजार शाळा आहेत. त्यांतल्या ६५ हजारांच्या आसपास सरकारच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. त्यातही बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळा. त्याखालोखाल खाजगी अनुदानित शाळा येतात. संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून आणि फी बहुतेक ठिकाणी नाममात्र. ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे. पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, दादरला १९४० साली बालमोहन उभी राहिली. लोकांनी शाळा काढायच्या आणि सरकारने त्या चालवायला पैसा द्यायचा, या रीतीवर महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण उभं राहिलं. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी किंवा सातवी आणि पुढे रयतच्या किंवा तालुक्यातल्या एखाद्या संस्थेच्या हायस्कुलात दहावी, हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायाखालचा आहे. आज जे पालक जिल्हा परिषदेचं नाव काढताच मान फिरवतात, त्यांतले कितीतरी स्वतः याच रस्त्याने पुढे आलेले आहेत.

तिसरा प्रकार विनाअनुदानित शाळांचा. त्यातही कप्पे आहेत. एकेकाळी 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी मिळालेल्या शाळांचा 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला, आणि त्यांतल्या मराठी व इतर भारतीय भाषांच्या शाळा वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानाकडे सरकू लागल्या. तिथले शिक्षक वर्षानुवर्षं अर्धवट पगारावर किंवा बिनपगारी शिकवत राहिले, आझाद मैदानावर बसत राहिले. चौथा प्रकार २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. नव्या इंग्रजी शाळा बहुतेक याच खात्यात मोडतात. याशिवाय आदिवासी भागातल्या आश्रमशाळा, बदलीच्या नोकरीतल्या पालकांसाठीची केंद्रीय विद्यालयं आणि सहावीला प्रवेशपरीक्षा घेणारी नवोदय विद्यालयं आहेत. गोव्यातही हायस्कुलांचा मोठा भार अनुदानित संस्थांवरच आहे आणि तिथे २०११ पासून इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यावं की नाही यावरून मोठं आंदोलन पेटलं होतं. तेव्हा पालकाने एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरात अनुदानित शाळा आहे का? पुष्कळ शहरांत ती असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आता खर्च. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत सरकारी शाळेतल्या एका मुलामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये निघाला आणि बिगरसरकारी शाळेतल्या मुलामागे २५,००२ रुपये. ही देशाची सरासरी आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यम दर्जाच्या इंग्रजी शाळेत या रकमेत वर्ष निघत नाही. फीच्या आकड्यापाशी थांबूनही चालत नाही. टर्म फी, बसचे पैसे, शाळेच्याच दुकानातून घ्यायचे गणवेश आणि वह्या, सहली, संमेलनाचे कपडे असे पदर तिला असतात. त्याच पाहणीत देशातली २७ टक्के मुलं शाळेशिवाय शिकवणी लावतात असं आढळलं. दुसरी-तिसरीपासून शिकवणी लावावी लागत असेल, तर शाळेची फी नेमकी कशासाठी भरतो याचा विचार पालकाने करायलाच हवा.

मग खाजगी शाळेत मुलं जास्त शिकतात का? वरवर पाहता, हो. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतो. २०२४ च्या अहवालात देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. खाजगी शाळांत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. बारा टक्क्यांचा फरक आहे. पण हाच आकडा उलटा करून वाचला की दिसतं, पैसे भरणाऱ्या घरांतलीही तिसरीची जवळजवळ दोन तृतीयांश मुलं दुसरीचं वाचू शकत नाहीत. शिवाय जी घरं फी भरू शकतात तिथे आई शिकलेली असण्याची, घरात पुस्तक असण्याची, अभ्यास घेणारं कोणी असण्याची शक्यता जास्त. या गोष्टी हिशेबात धरल्या की फरक आणखी आक्रसतो, असं अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

या प्रश्नाचा माझ्या मते सर्वांत भक्कम अभ्यास आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून चार वर्षं १८० गावांत तो केला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळा हवी होती, त्यांच्यात सोडत काढली. चिठ्ठी निघाली त्यांची खाजगी शाळेची फी भरली गेली, बाकीची मुलं होती तिथेच राहिली. सोडतीमुळे दोन्हीकडची घरं सारखी. म्हणजे पुढे जो फरक पडेल तो शाळेचाच. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. खाजगी शाळेतली मुलं हिंदीत स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळा हिंदी शिकवतच नव्हत्या. खाजगी शाळा तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन तोच निकाल आणत होत्या आणि दर मुलामागचा त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. कमी पगाराच्या शिक्षकांकडून जास्त वेळ काम करून घेऊन ते साधलेलं होतं. धोरण आखणाऱ्यांसाठी त्यात खाजगी शाळांच्या बाजूचा मुद्दा आहे. पालकासाठी निष्कर्ष वेगळा आहे: निव्वळ मालकी बदलल्याने मूल भाषेत आणि गणितात पुढे गेलं नाही.

हे लिहिताना मला सरकारी शाळेची वकिली करायची नाही, कारण तिथलं सगळ्यात मोठं दुखणं पालकाच्या नजरेला अचूक दिसतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक असं गणित आहे. कायदा मुलं मोजतो, वर्ग मोजत नाही. पहिली ते पाचवीचे पाच वर्ग आणि मिळून पन्नास मुलं असतील, तर त्या पाच वर्गांना दोन गुरुजी. त्यातले एक मुख्याध्यापकाचं काम बघणार. एकाची प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या यादीला, नाहीतर केंद्रावर माहिती द्यायला पाठवणी झाली की उरलेला एकटा पाच वर्ग घेऊन बसतो. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, ऑनलाइन हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळवणी हे सगळं त्याच हातांनी. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही तीनच कामं शिक्षकाला शाळेबाहेर देता येतात, असं हाच कायदा सांगतो. पण कागदावर न येणाऱ्या कामांचा त्रास याहून मोठा आहे. राज्यात २०१२ साली शिक्षकभरती थांबली ती ऑनलाइन भरतीचं 'पवित्र' पोर्टल येईपर्यंत जवळपास थांबलेलीच राहिली. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेचे राज्याचे नियम पुढे आणखी कडक झाले. मार्च २०२४ च्या निर्णयावरून शिक्षकांनी मोर्चे काढले ते याचसाठी. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या घरात आहेत आणि त्या मोठ्या 'समूह शाळां'त मिसळायचा विचार २०२३ पासून चालू आहे.

वाडीवरच्या शेतकऱ्याला यातली कलमं माहीत नसतात. त्याला एवढं दिसतं की तालुक्याच्या इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी दारात येते आणि तिथे प्रत्येक वर्गाला एक बाई आहे. तो पोराला काढून घेतो. पट उतरतो, संचमान्यतेत एक पद जातं, मग उरलेली मुलंही निघतात. पालकाचा निर्णय इथे शहाणपणाचा आहे आणि त्याचे परिणाम शाळेला मारणारे आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. उलट दिशाही तितकीच खरी आहे: एकसष्टावं मूल आलं की कायद्याने तिसरा शिक्षक मिळतो.

आणि जिथे शिक्षक मिळतो, टिकतो, मोकळा राहतो, तिथे काय होतं याचे दाखले महाराष्ट्रात भरपूर आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. जमिनीवर रंगवलेले तक्ते, गोट्या-काड्यांनी होणारं गणित, एकमेकांना शिकवणारी मुलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला त्यातून प्रेरणा मिळाली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शिक्षकांनी गावाला बरोबर घेऊन डिजिटल शाळा केली. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा इतकी नावारूपाला आली की जिल्हा परिषदेच्या शाळेला प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली दहा लाख डॉलरच्या ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. २०२५ साली ती जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीत पोहोचली आणि लोकांच्या मतांचा पुरस्कार घेऊन आली.

या शाळांचा अभिमान बाळगताना एक सावधगिरीही हवी. त्यांतल्या बहुतेक एका-दोघा माणसांच्या जिवावर उभ्या राहिल्या आहेत आणि जिल्हा परिषदेत बदली होते. म्हणून गावातली शाळा चांगली आहे असं ऐकलं, तर ते गुरुजी अजून तिथे आहेत का आणि त्यांच्या बदलीला किती अवकाश आहे, हे विचारून घ्यायला संकोच करू नये.

खाजगी शाळांतही अशीच दरी आहे, फक्त ती रंगवलेल्या फाटकामुळे दिसत नाही. एका टोकाला फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन, नाशिकचं आनंद निकेतन, लीला पाटलांनी कोल्हापुरात उभी केलेली सृजन आनंद यांसारख्या शाळा आहेत. मराठीतून शिकवणाऱ्या, पाठांतराऐवजी मुलाच्या विचाराला जागा देणाऱ्या. अशी शाळा जवळ असेल आणि परवडत असेल तर फार विचार न करता तिथे जावं, असं माझं मत आहे. दुसऱ्या टोकाला लाखांत फी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत फार होते आणि त्या फार थोड्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहेत. खरा प्रश्न मधल्या थराचा आहे. भाड्याच्या इमारतीत, तालुक्याच्या रस्त्याला, शहराच्या कडेच्या वस्तीत महिन्याला हजार-दोन हजार घेणाऱ्या इंग्रजी शाळा. रिक्षाचालक, शेतमजूर, सोसायटीचा वॉचमन, घरकाम करणारी बाई आपल्या कमाईचा मोठा वाटा इथे ओततात. तिथल्या शिक्षिका बहुधा जवळपासच्याच, पदवी नुकतीच झालेल्या, मनापासून काम करणाऱ्या असतात. पण त्यांना मिळणारं वेतन सरकारी शिक्षकाच्या जवळपासही नसतं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे; या शाळांत तो क्वचितच पाळला जातो. मग बाई लग्न झालं, दुसरी नोकरी लागली की वर्षाच्या मध्येच सोडून जातात. तुमच्या मुलाला एका वर्षात तीन वर्गशिक्षिका झाल्या असतील, तर त्याचं मूळ इथे आहे.

इथेच माध्यमाचा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर 'खाजगी' शाळा निवडणारे बहुसंख्य पालक इंग्रजी निवडत असतात. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाखतीत मागे पडलेला बाप आपल्या मुलीला त्या जागी पाहू इच्छित नाही, यात चूक काहीच नाही. पण घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, बाईंचं इंग्रजीही पुस्तकापुरतं आहे, अशा वर्गात होतं ते असं: प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहिलं जातं, मुलं ते उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत तसंच लिहितात. वही सुंदर दिसते, गुण चांगले येतात आणि पाचवीतल्या मुलाला वाक्याचा अर्थ विचारला की ते आईकडे बघतं. विज्ञान आणि इतिहास त्याला कोणत्याच भाषेत पोहोचलेले नसतात. आंध्रच्या अभ्यासातही तेलुगूमधून शिकणारी मुलं इंग्रजी माध्यमात टाकली की इतर विषयांत मागे पडत असावीत, असे संकेत मिळाले होते. मुलाने पहिली तीन वर्षं घरच्या भाषेत वाचायला शिकावं आणि इंग्रजी हा विषय म्हणून रोज, चांगल्या शिक्षकाकडून, बोलता-ऐकता शिकावा, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. ते किती शिकवलं जातं हे मात्र प्रत्येक शाळेत जाऊनच पाहावं लागेल. मराठी अनुदानित शाळांनी गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग सुरू केले तेव्हा अनेकींचा पट सावरला, याचं कारण पालकांना हाच मध्यममार्ग हवा होता. घरी इंग्रजीचा वावर असेल किंवा कामानिमित्त राज्यं बदलावी लागत असतील, तर गोष्ट वेगळी; तिथे इंग्रजी माध्यम आणि केंद्रीय मंडळ सोयीचं पडतं.

मुंबईत सरकारी शाळेनेच पालकांची ही मागणी ओळखली. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालवते. २०२० च्या सुमारास तिने सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा काढल्या आणि जागांपेक्षा अर्ज इतके जास्त आले की सोडत काढावी लागली. मोफत आणि सरकारी आहे म्हणून लोक पळतात, हा समज त्या सोडतीने खोटा ठरवला. त्याच महापालिकेच्या मराठी शाळा मात्र ओस पडत आहेत, हे दुःख त्याच्या शेजारीच आहे.

गरीब घरांसाठी आणखी एक वाट शिक्षणहक्क कायद्याने उघडली. विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि फी सरकारने भरायची. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. ही वाट घेणाऱ्या पालकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते आणि तेव्हा शाळा बदलावी लागली तर मूल कोलमडतं. जवळचं अनुदानित हायस्कूल पहिल्यापासूनच डोळ्यांपुढे ठेवावं.

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणत्याही एका बाजूला निर्धास्त राहता येत नाही. २०१७ साली नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत कोसळून मुलं गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका खाजगी शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि सगळं शहर रेल्वेरुळांवर उतरलं. इमारत, स्वच्छतागृह, तिथे मुलांसोबत कोण जातं, गाडीत बाई असतात का, हे प्रश्न दोन्हीकडे तितक्याच ठामपणे विचारायला हवेत. मूल अपंग असेल किंवा शिकण्यात त्याला अडचण असेल तर अनुभव साधारण असा की खाजगी शाळा गोड शब्दांत 'आमच्याकडे सोय नाही' म्हणतात आणि सरकारी शाळा दाखल करून घेते. पण तिथे येणारे विशेष शिक्षक अनेक शाळांत विभागलेले असतात. अशा पालकांनी तो शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतो, हे लेखी विचारावं.

शाळा पाहायला कसं जायचं, याबद्दल थोडं. सकाळची शाळा असेल तर आठ-साडेआठला, दुपारची असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतर जा. प्रवेशाच्या 'ओपन डे'ला सगळ्याच शाळा सजलेल्या असतात. तिसरीच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं चार ओळींचं काहीतरी वाचायला द्या आणि त्यांनी ते आपल्या शब्दांत सांगावं असं सुचवा. वह्या पाहा: सगळ्या वह्यांत तेच वाक्य, त्याच चुकांसकट असेल तर मुलं फळा उतरवतात. मूल स्वतः लिहितं तिथे वाक्यं वेडीवाकडी आणि निरनिराळी असतात. शिक्षक किती वर्षांपासून इथे आहेत, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे विचारा. खाजगी शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक मागा. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. मान्यतेचं पत्र, सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक पाहा. शिक्षण विभाग दर वर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो आणि दर वर्षी त्यांत अडकलेले पालक रडताना दिसतात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं आणि देणगी मागणं दोन्ही बेकायदा आहे. देणगीबंदीचा राज्याचा कायदा १९८७ पासून आहे. फीच्या कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. ही समिती तुमच्या शाळेत खरोखर बसते का, याच्या उत्तरावरून ती शाळा पालकांशी कशी वागेल हे कळतं.

अंतराचा विचार पालक सगळ्यात कमी करतात. सहा वर्षांच्या मुलाने रोज दीड-दोन तास गाडीत घालवून गाठावी एवढी कोणतीच प्राथमिक शाळा चांगली नसते. तो वेळ झोपेचा, खेळाचा, आजीशी बोलण्याचा असतो. शिक्षणहक्क कायदाही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हणतो.

आता निवाडा. जवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक असेल आणि तिसरीची मुलं वाचत असतील, तर चौथी-पाचवीपर्यंत मुलाला तिथेच घालावं; वाचलेले पैसे पुस्तकांना, पोहण्याला, प्रवासाला आणि पुढच्या शिक्षणाला ठेवावेत. पाच वर्गांना दोन शिक्षक असतील, पदं रिकामी असतील आणि ती भरली जाण्याची चिन्हं नसतील, तर आपल्या मुलाची पाच वर्षं त्या आशेवर काढू नयेत. खाजगी शाळा निवडावी आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नये. मात्र तिथेही हेच दोन प्रश्न विचारावेत. घरात इंग्रजी नसताना केवळ नावात 'इंग्लिश' आहे म्हणून स्वस्त शाळेत घालणं हा तिन्हींत वाईट पर्याय आहे. सहावीच्या पुढे विज्ञानाची प्रयोगशाळा, गणिताचा पक्का शिक्षक आणि वाचनालय यांवर शाळा निवडावी.

'असर'च्या नोंदीप्रमाणे ग्रामीण महाराष्ट्रातली सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये सुमारे ६२ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये ती ६७ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६१ वर आली. टाळेबंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा लोक परत आले, पैसे हातात आले तसे निघून गेले. त्या दोन-तीन वर्षांत आलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना तिथे थांबवून ठेवण्याची संधी सरकारने घालवली. वर्गाला एक शिक्षक एवढी एकच गोष्ट नियमात आली असती, तर त्यांतले कितीतरी थांबले असते.

ती मागणी करण्याची जागा पालकांना आजही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर जूनच्या पालकसभेला जा, समितीत नाव द्या आणि पहिल्याच बैठकीत रिक्त पदांचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. मूल अजून दोन-अडीच वर्षांचं असेल तर नर्सरीचा फॉर्म भरण्याआधी एकदा घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन या.